भाड्याच्या घराचे सुटे मेज

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे म्हणतात. नोकरीसाठी बंगळुरात आलेल्या मराठी कुटुंबांचे बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाही, त्याला टेम्पो लागतो. करार अकरा महिन्यांचा, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि तो खटाटोप कुणालाच नको असतो. अनामत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी मागायची, ही या शहराची जुनी रीत. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने दोनच महिन्यांची सुचवली, पण केंद्राने सुचवले म्हणजे घरमालकाने ऐकले असे होत नाही. वर भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही अट असतेच. अशा घरात दोन-तीन वर्षे काढायची आणि मग पुढचे घर शोधायचे.

या स्थलांतरात सर्वात आधी जीव सोडते ते लिहायचे मेज. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची, स्क्रूने जोडायची मेजे दिसायला देखणी असतात आणि पहिल्या घरात नीट उभीही राहतात. पण ती एकदा उघडून पुन्हा जोडली की स्क्रूची भोके सैल होतात, दुसऱ्यांदा जोडली की भुसा गळू लागतो आणि तिसऱ्या घरात ते मेज भिंतीला टेकूनच उभे राहते. चांगल्या सागवानी मेजाचे तसे होत नाही, परंतु ते चौथ्या मजल्यावरच्या अरुंद जिन्यातून वर जात नाही. बंगळुरातल्या कित्येक जिन्यांच्या वळणावर अशा मेजांच्या कोपऱ्यांच्या खुणा दिसतील!

ही अडचण नुसती गैरसोयीची राहिली नाही ती २०२० साली. २४ मार्चच्या रात्रीपासून देशभर टाळेबंदी लागली आणि माहिती तंत्रज्ञानाचे हे शहर एका रात्रीत घरात कोंडले गेले. दोन खोल्यांच्या घरात दोन कचेऱ्या आणि एक शाळा भरू लागली. जेवणाच्या टेबलावर एकाची मीटिंग, इस्त्रीच्या टेबलावर दुसऱ्याचा लॅपटॉप आणि मुलांचे वर्ग पलंगावर, उशीला टेकून. मान आणि कंबर धरली तेव्हा मेज ही चैनीची वस्तू नाही, हे अनेकांच्या ध्यानात आले. त्यानंतर कचेऱ्या पुन्हा उघडल्या. तरी आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी टिकली, आणि मुलांचा अभ्यास तर घरीच व्हायचा.

मजबूत, स्वस्त, स्वतः जोडता येणारे, सोडून नेता येणारे आणि नव्या खोलीच्या मापाप्रमाणे बदलता येणारे मेज हवे असेल, तर त्यावर एक जुनेच उत्तर आहे. ते म्हणजे लोखंडी पाइप, वर प्लायवूडची फळी आणि वेल्डिंग न करता आवळायचे सांधे.

पाइपचे फर्निचर म्हटले की आपल्याकडे पटकन दवाखान्यातला बाक आठवतो. त्याची कुळकथा मात्र भारदस्त आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकवणाऱ्या मार्सेल ब्रॉयरने १९२५ च्या सुमारास पोलादी नळीची पहिली खुर्ची घडवली. सायकलच्या वाकवलेल्या हॅण्डलवरून त्याला ती सुचली आणि पहिले नमुने जोडायला त्याने एका प्लंबरची मदत घेतली. आपल्याकडे किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर आणि पंपांच्या जोडीने स्वातंत्र्यापूर्वीच लोखंडी फर्निचरही बनत असे. जुन्या वाड्यांत, वाचनालयांत त्या काळच्या लोखंडी खुर्च्या अजून कुठे कुठे तग धरून आहेत.

बिनवेल्डिंगच्या सांध्याचा जन्म मात्र कलाशाळेत झाला नाही, गोठ्यात झाला. इंग्लंडमधल्या रेडिंग गावी गॅस्कॉइन नावाच्या कंपनीने १९३४ मध्ये गाई दोहायच्या ठाणांसाठी ओतीव लोखंडाचा एक सांधा काढला. पाइप त्याच्या तोंडात सरकवायचा आणि बाजूचा छोटा, बिनडोक्याचा स्क्रू ॲलन कीने आवळायचा, की झाले काम. आटे पाडायला नकोत, वेल्डिंग नको, आणि उद्या गोठा वाढवायचा झाला तर स्क्रू सैल करून पाइप बाहेर. या जातीचे सांधे पुढे जिन्यांच्या कठड्यांना, खेळाच्या मैदानांना, दुकानांच्या मांडण्यांना लागले. १९४७ मध्ये लंडनला डिमिट्रिअस कॉमिनोने भोके पाडलेल्या लोखंडी कोनपट्ट्या बाजारात आणल्या. आज आपल्याकडच्या प्रत्येक औषधाच्या दुकानात, गोदामात आणि सरकारी दफ्तरखान्यात जे करड्या रंगाचे रॅक असतात, ते त्यांचेच वंशज.

जपानी कारखान्यांनी तिसरा मार्ग काढला. प्लॅस्टिकचे पातळ आवरण चढवलेला, बाहेरून २८ मिलिमीटर जाडीचा हलका पोलादी पाइप आणि दोन अर्ध्या शिंपल्यांसारखा, एका बोल्टने आवळला जाणारा सांधा. यंत्राशेजारची मांडणी, ढकलगाड्या, कामाची टेबले सगळे त्यातून उभे राहते. यामागचा विचार मोठा सुरेख आहे. ज्याला त्या टेबलावर दिवसभर उभे राहायचे, त्यानेच ते आपल्या उंचीप्रमाणे जोडावे, चार दिवस वापरावे आणि पुन्हा बदलावे. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीबरोबर हा पाइप जगभर पसरला. त्याच टोयोटाने १९९७ मध्ये किर्लोस्कर समूहाशी भागीदारी करून बंगळुराजवळ बिडदीला मोटारींचा कारखाना काढला. भोवताली सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आहेत, शिवाय पीण्याची अवाढव्य औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे कारखान्यांना लागणारा हा माल बंगळुरात मिळणे अवघड नाही. घरमेजासाठी तो मागणारे गिऱ्हाईक दुकानदाराला थोडे विचित्र वाटते, एवढेच.

साध्या पाइपसाठी जुन्या पेठेत जावे. टाउन हॉलजवळचा एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रस्ता, संगणकाच्या सुट्या भागांसाठी देशभर माहीत आहे. पण त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत पंप, मोटारी, बेअरिंगे, नट-बोल्ट आणि पाइपांची दुकाने दाटीवाटीने बसली आहेत. (१६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांकडे आले तेव्हाही ही पेठ होतीच. पाइप मात्र नव्हते!) मेट्रोने गेल्यास चिकपेट स्थानक सोयीचे. येताना मात्र सहा मीटरचा पाइप ना मेट्रोत शिरतो ना रिक्षात, म्हणून मापे ठरवून जावे आणि दुकानातच तुकडे करून घ्यावेत.

आणि इथेच पहिली फसगत होते. ती दुकानदार करत नाही, माप करते. प्लंबरच्या भाषेत जो ‘एक इंची’ पाइप, त्याची बाहेरची जाडी एक इंच नसते. नळाचे पाइप आतल्या पोकळीच्या नावाने ओळखले जातात. अर्धा इंची पाइप बाहेरून २१.३ मिलिमीटर, पाऊण इंची २६.९ आणि एक इंची ३३.७ मिलिमीटर भरतो. उलट फर्निचरवाल्याच्या दुकानातला ‘एक इंची’ पाइप बाहेरूनच मोजलेला, म्हणजे २५.४ मिलिमीटर. नाव एक, वस्तू दोन. पाऊण इंची नळाचा पाइप जपानी पद्धतीच्या २८ मिलिमीटरच्या सांध्यात ‘जवळपास’ बसतो खरा, पण कितीही आवळला तरी भार आल्यावर घसरतो. मेजाच्या बाबतीत जवळपास या शब्दाला जागा नाही. आधी सांधा पसंत करावा, तो हातात घेऊन पाइपच्या दुकानात जावे आणि प्रत्यक्ष घालून पाहावा.

पाइपवर रंगाचे पट्टे असतात तेही पाहावेत. पिवळा पट्टा हलक्या दर्जाचा, निळा मध्यम, तांबडा भारी. स्क्रूने आवळायच्या सांध्यांसाठी पिवळ्या पट्ट्याचा पाइप पुरतो, निळा घेतला तर मेज उगीच जड होते.

आता प्रत्यक्ष मेज. फळी चार फूट बाय दोन फूट, म्हणजे साधारण १२० बाय ६० सेंटिमीटरची. आठ बाय चार फुटांच्या एका प्लायमधून अशा चार फळ्या निघतात, तेव्हा शेजारपाजारच्या चौघांनी मिळून एक प्लाय घ्यावा हे उत्तम. जाडी १८ मिलिमीटर. वजन आठ किलोच्या आसपास. खाली चार पाय, प्रत्येकी ७० सेंटिमीटर. डाव्या आणि उजव्या बाजूला जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर एकेक आडवा पाइप, ४५ सेंटिमीटरचा. मागच्या दोन पायांमध्ये १०५ सेंटिमीटरचे दोन लांब पाइप, एक फळीच्या खाली दहा सेंटिमीटरवर आणि दुसरा जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर. पुढची बाजू मोकळी, गुडघ्यांसाठी.

बेरीज करून पाहा. पायांचे २८०, बाजूचे ९०, मागचे २१०, मिळून ५८० सेंटिमीटर. बाजारात पाइप सहा मीटरचा मिळतो. म्हणजे सगळे मेज एकाच पाइपात बसते आणि वीस सेंटिमीटरचा तुकडा उरतो. सांधे लागतात बारा, त्यात चार चकत्या पायांच्या डोक्यावर फळी बसवायला आणि आठ ‘टी’ आडव्या पाइपांसाठी. पायांच्या टोकांना रबरी बूट. पाइपचे वजन साडेअकरा-बारा किलो, सांध्यांचे चार-पाच, फळीचे आठ. सगळे मिळून पंचवीस किलोच्या घरात जाते, पण एकेक भाग सुटा असल्याने चौथ्या मजल्यावर शाळकरी मुलेसुद्धा तो पोचवतील.

खर्चाचा हिशेब करताना अनेकजण पाइपचा भाव विचारतात आणि खूश होऊन घरी येतात. प्रकरण अंगाशी येते ते सांध्यांच्या दुकानात. ओतीव लोखंडाचे चांगले सांधे पाइपपेक्षा महाग पडतात. नाकापेक्षा मोती जड, असे वाटते खरे. पण पाइप हा फक्त पाइप आहे, मेज जे उभे राहते ते सांध्यांच्या जिवावर. तिथे काटकसर करू नये. काटकसरच करायची तर सांध्यांची संख्या कमी करावी. वर सांगितलेल्या रचनेत बारा आहेत, ते त्याचसाठी. चारी बाजूंनी वर-खाली चौकट केली तर हाच आकडा वीसवर जातो आणि गुडघे आपटतात ते वेगळेच.

स्वस्तातला दुसरा उपाय म्हणजे नळकामाचे नेहमीचे सांधे, एल्बो, टी आणि फ्लँज. हे कोणत्याही गल्लीत मिळतात आणि कोणीही प्लंबर पाइपला आटे पाडून देतो. पण इथे एक मेख आहे, आणि ती आधी कळली नाही तर दुपार वाया जाते. पाइपच्या दोन्ही टोकांचे आटे एकाच दिशेचे असतात. चौकट पूर्ण करणारा शेवटचा पाइप एका एल्बोत घट्ट करायला फिरवला की दुसऱ्या एल्बोतून तो सैल होतो. बंद चौकट अशी कधीच पुरी होत नाही. प्लंबरमंडळींना हे ठाऊक असते, म्हणून ते मध्ये ‘युनियन’ नावाचा उघडता येणारा जोड टाकतात. प्रत्येक बंद चौकटीला एक युनियन, हा हिशेब धरावा. नाहीतर लोखंडाची चौकट उघडीच ठेवावी, पायांच्या डोक्यावर फ्लँज लावावेत आणि फळीनेच ती पुरी करावी.

आट्यांच्या मेजाला निळ्या पट्ट्याचाच पाइप हवा, कारण आटे पाडले की भिंत आणखी पातळ होते आणि पाइप मोडतो तो नेमका तिथेच. शिवाय आटा जिथे घट्ट होईल तिथे टीचे तोंड वळते, आपल्याला हवे तिकडे नव्हे. थोडे मागे फिरवून सरळ करावे तर सांधा ढिला. नळाच्या कामात सुतळी आणि सफेदा भरून हे भागवतात. मेजातून पाणी वाहायचे नसते, त्यामुळे सफेद्याची गरज नाही, आणि जुन्या पद्धतीच्या सफेद्यात शिसे असते म्हणून मुलांच्या मेजाला तो लावूही नये. एकंदरीत आट्यांचे मेज पहिल्यांदा स्वस्त, पण सोडून पुन्हा जोडायला कटकटीचे. ज्यांना दर दोन वर्षांनी घर बदलायचे आहे त्यांनी स्क्रूचे सांधे घ्यावेत, हे बरे.

“एवढी यातायात कशाला, कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेऊ,” असे म्हणणारे घरात एकजण तरी असतोच. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. वेल्डिंगचे मेज स्वस्त होते आणि डुगडुगत नाही. पण ते सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणूनच टेम्पोत अर्धी जागा खाते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. नळाच्या पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. कारागिरांना हा ताप परिचयाचा असतो. धूर सोसून काम केलेच, तरी मुलामा जळलेल्या त्याच जागी पुढे गंज धरतो. मुलामा नसलेला काळा पाइप घेतला तर वेल्डिंग चालते, मग लाल प्राइमर आणि ऑइलपेंट आलाच.

जोडणीला लागणारी हत्यारे थोडीच. ॲलन की, फळीच्या स्क्रूंसाठी पेचकस, कानस, मोजपट्टी, गुण्या आणि पाणसळ. पाइप दुकानातून कापून आणला तरी त्याच्या कडा धारदार असतात. आतून-बाहेरून कानस फिरवल्याशिवाय मुलांच्या हाती तुकडा देऊ नये. नव्या पाइपवर तेलाचा काळसर थर असतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा पुसून काढावा, नाहीतर पहिल्या आठवड्यात सगळ्या वह्यांवर त्याचे ठसे उमटतात.

आधी डावी आणि उजवी बाजू जमिनीवर आडवी ठेवून जोडावी. दोन पाय, मध्ये आडवा पाइप. सगळे स्क्रू अर्धवटच आवळावेत. मग दोन्ही बाजू उभ्या करून मागचे लांब पाइप घालावेत. फळी पालथी टाकून तिच्यावर सांगाडा उलटा ठेवला की चकत्यांच्या खुणा करता येतात. कडेपासून चकतीचा मध्य साडेपाच सेंटिमीटरवर येतो. फळीला स्क्रू लावण्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. डाव्या पुढच्या पायापासून उजव्या मागच्या पायापर्यंत जितके अंतर, तितकेच दुसऱ्या कर्णाचे आले की कोन काटकोन. फरक निघाला तर हाताने दाबून सारखे करावे आणि मगच स्क्रू पक्के आवळावेत. आठवड्याने पुन्हा एकदा सगळे स्क्रू पाहावेत. वापराने सांधे बसतात आणि एखादा पाव फेरा सैल झालेला आढळतो.

मेज डुलत असेल तर दोष बहुधा पाइपचा नसतो, आकाराचा असतो. चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडून बाजूने ढकलला तर कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. मांडव घालणारे कारागीर दोन बांबूंना काथ्याने तिरपा तिसरा बांबू बांधतात तो यासाठीच. मेजाच्या मागच्या बाजूला तिरपा पाइप बसवण्यासाठी फिरता सांधा मिळतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मागच्या दोन लांब पाइपांना प्लायची एक आडवी पट्टी क्लॅम्पने घट्ट जोडणे. तेवढ्याने डुलणे थांबते आणि लॅपटॉपच्या वायरी लपवायला जागाही मिळते.

फळी पुढच्या बाजूने मात्र पाइपविना असते. सव्वाशे पुस्तकांची चळत तिच्यावर वर्षभर ठेवली तर मध्ये झोल येणारच. फळीखाली पुढच्या कडेशी दोन बाय एक इंचाची लाकडी पट्टी उभ्या अंगाने फेविकॉल आणि स्क्रूने बसवली की तो प्रश्न मिटतो. काही हिकमती मंडळी प्लायऐवजी बाजारातला तयार फ्लश दरवाजाच आडवा टाकतात. जाड, सपाट, न वाकणारा. जड होतो, पण वाईट नाही.

उंचीचा विचार बहुतेकजण सर्वात शेवटी करतात, तो सर्वात आधी करायला हवा. बाजारातली बरीचशी मेजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईला ते चांगलेच उंच पडते. खांदे दिवसभर वर चढलेले राहतात आणि रात्री मान दुखते तेव्हा दोष उशीवर जातो. माप घ्यायची रीत सोपी आहे. खुर्चीवर पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून बसावे, कोपर काटकोनात दुमडावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे. फळीचा वरचा भाग तेवढाच किंवा बोटभर खाली हवा. त्यातून फळीचे दोन आणि बुटाचा अर्धा सेंटिमीटर वजा केला की पायाची लांबी मिळाली. ७० सेंटिमीटरच्या पायांनी मेज सुमारे ७२ चे होते. उंच पुरुषाला ते ठीक, बुटक्या माणसाने पाय आणखी कापून घ्यावेत. लॅपटॉपचा पडदा मग खाली जातो, म्हणून त्याला चार जाड पुस्तकांचा आधार आणि वेगळा कीबोर्ड.

पण एकाच मेजावर सकाळी वडील आणि संध्याकाळी सातवीतली मुलगी बसणार असेल तर? बंगळुरात बसमध्ये, रांगेत, सगळीकडे एक वाक्य ऐकू येते, ‘स्वल्प अडजस्ट माडी’, जरा सांभाळून घ्या. पाइपच्या मेजाला ते शब्दशः लागू पडते. पिवळ्या पट्ट्याच्या एक इंची पाइपमध्ये पाऊण इंची पाइप सरकतो. आतली शिवण किंवा जस्ताचा थेंब आड आला तर कानशीने घासावा लागतो, इतकेच. बाहेरच्या पायात आरपार एक भोक, आतल्यात दर अडीच सेंटिमीटरला एक, आणि मध्ये बोल्ट. त्या तुकड्यांसाठी पाऊण इंची पाइप वेगळा घ्यावा लागतो. मेज वर-खाली करायला दोघे लागतात, ते काम रोज होत नाही. म्हणून रोजच्या वापरात मुलांसाठी मेज खाली घेण्यापेक्षा खुर्चीवर उशी आणि पायांखाली लाकडी पाट, हाच उपाय खरा. लोंबकळत्या पायांनी मूल दहा मिनिटेसुद्धा नीट बसत नाही. मागचा खालचा लांब पाइप पुढे घेतला तर पाय ठेवायला तोच चालतो, असे वाटते खरे, पण रात्रंदिवस त्यावर पाय ठेवून ढकलल्याने सांधे सैल होतात. पाटच बरा.

लोखंडी मेज आणि वीज यांची जवळीक सांभाळावी लागते. पायाखाली किंवा सांध्यात वायर चेपली गेली आणि तिचे आवरण फाटले तर सगळा सांगाडा जिवंत होऊ शकतो. एक्स्टेन्शन बोर्ड तीन पिनांचा, अर्थिंग चालू असलेला घ्यावा आणि तो पाइपला न बांधता फळीच्या खाली लाकडावर स्क्रूने बसवावा. मेजाला हात लागताच मुंग्या आल्यासारखे वाटले तर ‘थोडासा शॉक आहे’ म्हणून सोडून देऊ नये, इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. भाड्याच्या जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे पुष्कळदा आढळते. लहान मुले मागच्या पाइपवर चढतात. फळीवर वजन नसेल तर मेज त्यांच्या अंगावर येऊ शकते. म्हणून रांगती-चढती मुले असतील त्या घरात मेजाची मागची बाजू भिंतीला लावूनच ठेवावी.

जपानी पद्धतीचा २८ मिलिमीटरचा पाइप घ्यायचा की नळाचा? मुलांच्या मेजाला तो हलका, रंगीत पाइप उत्तम. गंजत नाही, उन्हाळ्यात-थंडीत हाताला लोखंड लागत नाही आणि सांधा अर्ध्या मिनिटात सुटतो. पण त्याची भिंत जेमतेम एक मिलिमीटरची असते. मोठा मॉनिटर, प्रिंटर, पुस्तके आणि वर कोपर टेकून बसणारा धिप्पाड माणूस, असा भार असेल तर नळाचा पाइपच निमूटपणे सोसतो. शिवाय त्याचे तुकडे कुठल्याही गावात मिळतात. बदली सोलापूरला झाली काय किंवा बेळगावला, एक इंची पाइप आहेच.

घर बदलायच्या आदल्या रात्री मेज सोडताना एक काळजी घ्यावी. प्रत्येक सांध्यावर आणि त्यात जाणाऱ्या पाइपच्या टोकावर ऑइलपेंटने एकच आकडा टाकावा, १ ला १, २ ला २. स्क्रू पूर्ण काढू नयेत, सांध्यातच दोन फेरे आवळून ठेवावेत, म्हणजे ते हरवत नाहीत. ॲलन की फळीच्या खालच्या अंगाला चिकटपट्टीने चिकटवून टाकावी, कारण नव्या घरात पहिल्या दिवशी चहाची गाळणीसुद्धा सापडत नाही. नव्या खोलीत मेज लांब पडत असेल तर मागचे दोन पाइप आणि फळी हव्या तितक्या आखूड करून घ्याव्यात, बाकी सगळे तेच राहते. आणि सहा मीटरमधून उरलेला तो वीस सेंटिमीटरचा तुकडा टाकू नये. आणखी एक टी घेऊन तो उजव्या पुढच्या पायाला बाहेरच्या बाजूने आडवा लावला, की शाळेचे दप्तर अडकवायला जागा होते.